पाहुण्यांचं तळं

आमच्या घरात ‘मासा’ हा शब्द उच्चारायला बंदी होती आणि घराचा निम्मा गाडा माशांवर चालत होता. हे मी रचून सांगत नाही. गाव आमचं रनाळ्याच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला, घर माळकरी. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात तुळशीची माळ होती. फुईच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, गळ्यात तर दुहेरी होती. माय लवकर गेली. तेव्हापासून घरात फुईचं राज्य सुरू झालं आणि त्या राज्यात कांदा-लसूण चातुर्मासापुरता हद्दपार, अंडं कायमचं हद्दपार. गल्लीत कुणाच्या चुलीवर काही ‘तसलं’ शिजायला लागलं की आमच्या खिडक्या धाडधाड लागायच्या. त्याच खिडक्यांच्या मागे, गोठा ओलांडला की, हिरवट पाण्याचं एक तळं होतं आणि त्यात मासे नुसते वळवळत असायचे. फुई त्या खिडकीशी बसून जप करायची. तळ्यात काही उसळून पाण्यावर आपटलं की ती डोळे मिटून माळेचा पुढचा मणी ओढायची.

हे तळं आलं ते आप्पांच्या इंग्रजीमुळे. आप्पांना इंग्रजी येत होतं असं आप्पा सांगत, आणि गावात ते खोडून काढणारं कुणी नव्हतं. लढाईचे दिवस होते. ते कापसाच्या कामासाठी सुरतेला गेले असता तिथे कुणीतरी त्यांच्या हातात मासे पाळण्याचं एक इंग्रजी चोपडं दिलं. त्यावर एका चंदेरी माशाचं चित्र होतं आणि खाली नाव होतं मिल्कफिश. मिल्क म्हणजे दूध, फिश म्हणजे मासा, झाला दूधमासा. एवढ्या दोन शब्दांवर आप्पांनी परतीच्या गाडीत, नंदुरबार येईपर्यंत, अख्खं शास्त्र उभं केलं. हा मासा दुधासारखा पांढरा, दुधासारखा गोड, आणि ज्याच्या नावातच दूध तो जवळजवळ गाईच्या गोतातला. चोपड्याची पुढची पानं त्यांनी वाचली नाहीत, कारण त्यांत शब्द लांब लांब होते. एक गोष्ट मात्र त्यांना कुणीतरी बरोबर सांगितली होती, की हा मासा शेवाळावर जगतो.

घरी आल्यावर त्यांनी हाच मुद्दा फुईपुढे ठेवला. म्हणाले, “बाई, तो शेवाळ खास. किडा नही, आळी नही. आपलापेक्षा सोवळा शे.” फुई तांदूळ निवडत होती. पैशाची ओढ तिलाही कळत होती. थोडा वेळ तिने खडे वेचले आणि मग निकाल दिला, “शेवाळ खावो नहीतर तुळस खावो, मन्हा घरमा त्यानं नाव निंघाले नको. पाहुणा म्हना त्यास्ले.” अशा रीतीने धर्म राहिला आणि तळंही झालं. घरात मासे आले नाहीत, पाहुणे आले.

ते आले मातीच्या मडक्यांतून, रेल्वेने. आप्पा सुरतेच्या पलीकडे खाडीवर गेले, तिथल्या कोळ्यांकडून बोटाएवढाली पिल्लं घेतली आणि मडक्यांची तोंडं फडक्याने बांधून डब्यात बसले. गार्डाने विचारलं तेव्हा गंगाजल आहे असं सांगितलं म्हणे. वाटेत निम्म्याहून जास्त मेली, पण उरलेल्यांनी आमच्या गोड्या पाण्यात जीव धरला. माझा एक दूरचा भाचा पुढे सरकारच्या मासे पाळण्याच्या खात्यात नोकरीला लागला. तो म्हणतो की मावशी, हा खाडीचा मासा, गोड्या पाण्यात वाढतो पण अंडी घालत नाही, म्हणून तुम्हाला दरवर्षी नवी पिल्लं आणावी लागत असतील. आणि कोळ्याने त्यात बोयटांची, म्हणजे खाडीतल्याच दुसऱ्या माशांची, पिल्लं मिसळली नसतील याची खात्री काय. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या पुस्तकात काय असेल ते तुला लखलाभ. आमच्या तळ्यात होते ते पाहुणे होते. दरसाल यायचे, खाऊन फुगायचे आणि संसार न मांडता जायचे. फुईने नाव चुकून का होईना अगदी बरोबर ठेवलं होतं.

या नावाने आमच्या घराची भाषाच बदलून गेली. सकाळी फुई ओट्यावरून विचारायची की पाहुण्यांना कोंडा टाकला का. पाऊस ताणला की आप्पा म्हणायचे, या उन्हात पाहुणे काही तग धरत नाहीत. बाजाराच्या आदल्या दिवशी ठरायचं की मोठे मोठे पाहुणे काढायचे, बारके राहू द्यायचे. नवा टपालवाला एकदा हे ओट्यावर ऐकत उभा राहिला होता. तो पुढे पाणी प्यायला म्हणून कधी आमच्याकडे थांबला नाही. बाजारात विक्री व्हायची ती आदिवासी वस्तीतल्या दित्याच्या, म्हणजे आमच्या गड्याच्या, बायकोकडून. ती संध्याकाळी पैसे आणून अंगणात ठेवायची, फुई त्यांवर तांब्याभर पाणी ओतायची आणि मग पदराने पुसून कनवटीला लावायची. मासा विटाळाचा होता. नाणं मात्र धुतलं की चालत होतं.

आता तळं कोणाचं? आप्पांना विचाराल तर त्यांचं. नंदुरबारहून कुणी ओळखीचं आलं की आप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून बांधावर उभे राहत, हात कमरेवर ठेवत आणि ‘मन्हं तळं’ असं सुरू करत. माशाची चव कशी असते तेही सांगत. मलईसारखी, म्हणत. जन्मात त्यांनी तो जिभेला लावला नव्हता. पण पाण्यात कोण उतरायचं? माझी थोरली बहीण, जिजी. शेणाचा काला करून तळ्यात सोडायचा म्हणजे शेवाळ धरतं, भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून मळायची, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पाटाने वळवायचं, वरून घारी आणि खालून पाणसाप यांच्यावर नजर ठेवायची, हे सगळं जिजी करायची. तिच्याकडे घासलेटचा एक रिकामा डबा होता. तो तिने काठीने वाजवला की पाण्यात सगळीकडून चंदेरी रेघा तिच्या दिशेने निघायच्या. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून त्यांच्याशी बोलायची. घरात ती दिवसभरात चार शब्द बोलली तर खूप. तळ्यात मात्र तिचं तोंड बंद नसायचं. संध्याकाळी फुई तिला राखेने हात घासायला लावायची, मग लिंबाने, मग पुन्हा राखेने. रात्री माझ्या शेजारी ती निजायची तेव्हा त्या हातांना लिंबाचा आणि पाण्याचा असा मिळून एक वास असायचा. मला तो आवडायचा. आजही कुठे आला तर मी थांबते.

मग जिजीला स्थळ आलं. ब्राह्मणपुरीचे सुपडू पाटील, घर बागायतीचं, आणि आमच्याहून कडक माळकरी. मुलगा सरळ होता असं म्हणत. तो काही आला नाही, त्यामुळे सरळ की वाकडा ते आम्हाला कळलं नाही. पाटील दोन भाऊबंदांना घेऊन पोरगी पाहायला येणार होते. घरामागच्या तळ्याचं त्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. आप्पांनी तोही सोडवला. तळ्यात शिंगाडे लावलेत असं त्यांनी आधीच निरोपात कळवून टाकलं होतं. जिजी लग्नाला नाही म्हणाली नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं की तिकडे विहिरीला पाणी कसं आहे. हे ऐकून फुईला वाटलं पोर संसाराचा विचार करते आहे. मला माहीत होतं की ती तिकडे तळं खोदता येईल का ते पाहत होती.

पाहुणे आले. खरे पाहुणे, दोन पायांचे. फुईने पहाटेपासून खापर तापवलं होतं. मी पुरणाचा उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि फुई तो खापरावर टाकायची. मांड्याला पापडासारखा फुगा आला की ती स्वतःवरच खूश व्हायची. वांग्याची घोटलेली भाजी होती, कटाची रसोई, म्हणजे आमटी, होती, दुधाचं पातेलं भरून होतं. ओसरीवर तिघे मांडी ठोकून बसले. जिजी नव्या लुगड्यात येऊन, वाकून नमस्कार करून, पाहणं उरकल्यावर आत जाऊन बसली होती. पाटलांनी पसंती तोंडाने सांगितली नव्हती, पण तिसरा मांडा मागून घेतला होता, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. आप्पा दुधाची वाटी पुढे करत होते. तेवढ्यात दित्या आला.

दित्याला कुणी काही सांगितलं नव्हतं हा त्याचा दोष नाही. उलट या घरात तो शब्द काढायचा नाही हे त्याच्या मनावर इतकं बिंबवलं होतं की तो स्वतःच्या वस्तीतही चुकत नसे. ओट्याखाली उभा राहून तो रोजच्या आवाजात म्हणाला, “आप्पा, दोन पाहुणा मरी गयात. पोट टम फुगेल शे त्यास्नं. खड्डामा गाडी देऊ का बाजारमा इकी टाकू?”

पाटलांचा घास हातात राहिला. एका भाऊबंदाने आपल्या पोटाकडे पाहिलं. फुई आतून धावत बाहेर आली आणि सारवासारव करायला लागली. “तुम्ही खा, तुम्ही खा. त्या येगळा पाहुणा शेतस. त्या मांगे पानीमा पडेल शेतस.” मी खापराशी तोंडात पदर कोंबून बसले होते. आप्पा म्हणाले की शिंगाड्यांबद्दल चाललंय. पाटील माणूस सावकाश बोलणारा होता. त्याने विचारलं, “शिंगाडास्नं पोट फुगस का?”

शेवटी सगळे मागे तळ्यावर गेले. पाटलांच्या पायात नाल मारलेल्या जाड वहाणा होत्या. बांधावर डब्यासारखं काही खडखडलं की कोंडा येतो एवढंच माशांना माहीत. पाटील बांधावर चढले तसे ते सगळे काठाशी गोळा झाले आणि तोंडं उघडून वर बघायला लागले. एकाने तर उडी घेऊन पाटलांच्या धोतरावर पाणी उडवलं. आप्पांनी सोवळ्याचं, शेवाळाचं, दुधाचं सगळं सांगून पाहिलं. पाटलांनी ऐकून घेतलं, ओसरीवर येऊन हात-पाय धुतले, अर्धा राहिलेला मांडा संपवला, आणि मग अट घातली. मुलगी पसंत आहे. पण लोक काय म्हणतील, मासे पिकवणाऱ्याची लेक आणली? “हळदना आगोदर तळं कोल्लं व्हवाले पाहिजे. मी सोता ईसन दखसू.” त्यांचं वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत आप्पा म्हणाले, “व्हई जाई.” इतकी वर्षं ज्या तळ्याची मिजास मिरवली ते कोरडं करायला आप्पांना एक आवंढादेखील गिळावा लागला नाही. बाजारात वांगी सोडावीत तसं त्यांनी ते सोडलं.

जिजीला हे सांगायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिला दित्याकडून कळलं. संध्याकाळी ती फुईपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मले कोनी इचारं नही.” फुई म्हणाली की पोरींना असलं विचारत नसतात, स्थळ मोडलं तर हिचं राहील आणि हिच्या पाठची ही धाकटी, म्हणजे मी, तीही राहील, पाण्यातल्या चार पाहुण्यांसाठी घराचं नाक कापायचं का. आप्पा समईची वात पुढे सारत बसले होते. जिजी वळून गोठ्याकडे निघून गेली. तळं गेलं तर तिच्याजवळ काय उरतं हे त्या घरात मला एकटीला कळत होतं, आणि मला विचारणारं तर कोणीच नव्हतं. मला आप्पांचा मनस्वी राग आला. एवढ्या वर्षांनी लिहितानाही तो पुरता गेलेला नाही.

तळं सोडायचा दिवस ठरला. तळ्याच्या खालच्या अंगाला दगडी मोरी होती, गोणपाट आणि चिकणमातीने बुजवलेली. दित्याने सकाळी गोणपाट उपसलं आणि पाणी खालच्या शेतात भडाभडा निघालं. गाव बांधावर जमलं. सगळ्या माळकऱ्यांनी नाकाला उपरणी लावली होती. डोळे मात्र कोणी झाकले नव्हते. वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या आणि त्यांचं बरं चाललं होतं. त्यांच्या बोलीत त्या हसून एकमेकींना काहीतरी सांगत होत्या आणि जे दिसेल ते टोपलीत टाकत होत्या. पाणी घोट्यावर आलं तसे मासे चिखलात आडवे पडून उड्या मारायला लागले. तो आवाज मला ऐकवेना. ओल्या अंगावर चापट्या माराव्यात तसा, सगळीकडून, न थांबता. जिजी घरातून निघाली, लुगड्याचा ओचा खोचून सरळ चिखलात उतरली आणि बारके मासे उचलून मधल्या खोलगट डबक्यात नेऊन सोडू लागली. ती रडत नव्हती. मी रडत होते.

नेमके तेव्हाच सुपडू पाटील बैलांच्या दमणीतून उतरले. त्यांची होणारी सून मांडीपर्यंत चिखलाने माखलेली, दोन्ही हातांत दोन तडफडते मासे, असं त्यांना त्या दिवशी दर्शन घडलं. ते बांधावर आले. आप्पा लगबगीने पुढे झाले, पाहा, आजच मोकळं करतो आहे, वगैरे. पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. जिजीकडे बोट करून विचारलं, “पोर तुम्हनीच शे ना हाई? आनि तळं बी तुम्हनंच ना?”

गाव आप्पांकडे बघत होतं, पाटील बघत होते. माळ त्यांनी हाताने नीट केली. आणि म्हणाले, “पोर मन्ही शे. तळं मन्हं नही.” एकदा सुटल्यावर मग ते थांबेनात. “तळं तिन्हं शे. तीच खावाडस, तीच काढस, तीच बाजारले धाडस. मी त पानीमा बोट बी बुडावत नही.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. तळ्याबद्दल आप्पा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले, आणि तेही पोटच्या पोरीवर ढकलण्यासाठी. काही माणसांच्या तोंडून खरं निघायला त्यांना चांगलं घाबरवावं लागतं.

जिजी ताठ उभी राहिली. हातातले मासे तिने आधी डबक्यात सोडले, मग म्हणाली, “आप्पा, मोठ्यानी सांगा. बठ्ठास्ले आयकू द्या.”

आप्पांना वाटलं पोर शहाणी आहे, दोष अंगावर घेते आहे, बापाची अब्रू राखते आहे. त्यांना केवढं हायसं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते गावाकडे वळले आणि दवंडी द्यावी तसे ओरडून म्हणाले की हे तळं हिचं आहे, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

“मंग मोरी बंद करा,” जिजी म्हणाली.

दित्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पाटलांकडे पाहिलं. कुणी हललं नाही. तेव्हा जिजी स्वतः मोरीशी गेली, गोणपाट गोळा करून भोकात कोंबलं, त्यावर मातीचे गोळे थापायला लागली. पाणी बोटांमधून फुटत होतं आणि ती थापत होती. मग एक माणूस पाण्यात उतरला, तो दित्या. मग मी उतरले. मला त्या मातीचा गारवा अजून हाताला लागतो. पाणी थांबलं. डबकं राहिलं, आणि त्यात जीव धरून राहिले तेवढे मासे राहिले.

पाटील म्हणाले की असं असेल तर हा विषय इथेच संपला. जिजीने चिखलाच्या हाताने कपाळावरचे केस मागे केले. “तुम्हना पोऱ्याले मी पाहिजे व्हई त तळासंगे पाहिजे,” ती म्हणाली, आणि हे तिने भांडून म्हटलं नाही, भाव सांगावा तसं म्हटलं. दमणी आली तशी वळली. त्या दिवशी फुईने जेवण केलं नाही. आप्पांनी केलं, पण पानात मान घालून.

रात्र व्हायच्या आत आप्पांनी आपला शब्द परत घ्यायचा प्रयत्न केला. ते बोलणं वेळ मारून नेण्यापुरतं होतं, असं त्यांनी ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून पाहिलं. पण आमच्या गावाला फुकट तमाशा मिळाला की त्यातला एक शब्द गाव विसरत नाही. दुसऱ्या दिवशी दित्या कोंड्याचं विचारायला आला तो थेट जिजीकडे. बाजारातून आलेले पैसे जिजीच्या हातात पडू लागले. फुई बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही, पण नाणी धुवायला मात्र न चुकता तांब्या घेऊन यायची. पाहुणे बघायला कुणी नंदुरबारहून आलंच तर आप्पा बांधाखाली थांबायचे आणि म्हणायचे की वर जा, मालकीण तिथे असेल. आधी ते हे चिडून म्हणत. पुढे पुढे ऐटीत म्हणायला लागले. माझा मूळ विचार असाच होता असंही त्यांनी शेवटी शेवटी सांगितलं, आणि मला वाटतं त्यांचं त्यांना ते पटलंही होतं.

जिजीला नवरा मिळाला तो नवापूरकडचा. मासे खातो हे त्याने पहिल्या भेटीतच सांगून टाकलं आणि आमच्याकडे राहायला आला. फुईने त्याची चूल गोठ्यापलीकडे मांडून दिली. त्या काळी आमच्या भागात बापाकडून लेकीला काय मिळायचं? लुगडं, चोळी, पाठवणीच्या वेळचं रडू. जमिनीचा तुकडा लेकीच्या हवाली करणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही. आप्पांनी दिला तो मायेने दिला नाही, न्याय म्हणून दिला नाही; एका पाटलाला भिऊन, अंगावरची पाल झटकावी तसा दिला. पण चारचौघांत दिला, आणि जिजीने तो परत केला नाही.